सगळ्यांना हाच नंबर

माझ्या आत्याने स्वतःची खुर्ची वाचवायला ऑफिसचा प्रिंटर आधी गुपचूप बिघडवला आणि मग सगळ्यांच्या देखत दुरुस्त करून शाबासकी मिळवली, अशी एक गोष्ट आमच्याकडे फिरत असते. मागच्या महिन्यात ती मला दातांच्या डॉक्टरकडच्या बाकावर ऐकायला मिळाली. शेजारचे गृहस्थ बायकोला सांगत होते, "अगं, वायर कुरतडली होती त्या बाईने! दातांनी!" आणि कशी कुरतडली तेही करून दाखवत होते. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून ते वाचले.

आत्याने कुठलीही वायर कुरतडलेली नाही. तिच्या दोन दाढा कधीच पडल्यात, ती बिस्किटसुद्धा बुडवून खाते. प्रिंटर बंद पडला तो तिच्यामुळे, एवढं मात्र खरं आहे. पण ते तिला स्वतःलासुद्धा अगदी शेवटी कळलं.

आत्या विसाव्या वर्षी त्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. घरं बांधायची परवानगी देणारं ते ऑफिस. खिडकीबाहेर नकाशांच्या सुरळ्या काखेत धरलेली माणसं, आणि आत एका लांबट हॉलमध्ये ओळीने अकरा टाइपरायटर. आत्या सांगते, डोळे मिटून बसलं तरी कोणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. खिडकीजवळच्या बाईंचं सासूशी वाजलं की त्यांची अक्षरं कागदाला भोकं पाडायची. कोपऱ्यातल्या बाईंचा मुलगा तापाने पडला की त्यांच्या यंत्राची ओळ संपल्याची घंटी वाजायची आणि पुढची ओळ सुरूच व्हायची नाही. मग कोणीतरी न विचारता त्यांचा अर्धा गठ्ठा उचलून आपल्या टेबलावर न्यायचं.

एका दुपारी ट्रक आला आणि अकराही यंत्रं चढवून घेऊन गेला. आत्याने आपल्या यंत्राची रिबन तेवढी काढून ठेवली. दहा बायकांना दहा दिशांना टेबलं मिळाली. आत्याने रविवारच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकून घेतला होता, म्हणून ती त्याच हॉलमध्ये राहिली. यंत्रं गेली त्या जागी एकच प्रिंटर आला. माणसाच्या कमरेएवढा, रंगाने कळकट, झाकण एका बाजूने जरा उचललेलं. ऑफिसातल्या तेवीस कॉम्प्युटरांना मिळून तो एकटाच.

भिंतीतून वायरी घालणारा माणूस आला तेव्हा आत्या त्याच्या शिडीखाली उभी राहून विचारत होती, "ही कुठे जाते? आणि ही? आणि हिला कसं कळतं कुठे जायचं ते?" तो बिचारा वैतागून म्हणाला, "बाई, प्रत्येक यंत्राला नंबर असतो. घराला असतो ना, तसा. पोस्टमन नंबर बघतो आणि पत्र टाकतो." आत्याला एवढंच हवं होतं. प्रिंटर म्हणजे घर, वायर म्हणजे गल्ली, आणि कपाटावर हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला तो डबा म्हणजे चौक. सगळ्या गल्ल्या तिथे मिळतात. पुढची बारा वर्षं तिने ऑफिसचा प्रिंटर या एका ज्ञानावर चालवला.

प्रिंटरचा नंबर लांबलचक होता, शेवटी पन्नास. तो कोणाच्या लक्षात राहीना. म्हणून आत्याने आपल्या सुरेख अक्षरात तेवीस पिवळ्या पट्ट्या लिहिल्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्याखाली एकेक चिकटवली. नवीन कॉम्प्युटर आला की आत्या येणार, पट्टी चिकटवणार, नंबर टाकणार, एक पान छापून बघणार. हा त्या ऑफिसचा रिवाजच होऊन गेला.

आता आत्याला विचारा, ऑफिसातलं काय आठवतं? ती काम सांगत नाही. ती प्रिंटरसमोरचं उभं राहणं सांगते. आपापल्या टेबलावरून पान सोडायचं आणि चालत हॉलमध्ये यायचं. समोर आधीच चारपाच जण. मग काय, पान येईपर्यंत गप्पा. टपालवाल्या ताई दर वेळी म्हणायच्या, "माझं एकच पान आहे हो," आणि सतरा निघायची. कोणाची बदली, कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाच्या मुलीने कोणाला होकार दिला, सगळं त्या ट्रेसमोर आधी यायचं आणि पान नंतर. पान निघालं की आत्या गरम गरम हातात द्यायची, आणि हिवाळ्यात लोक ते दोन क्षण गालाला लावायचे. मोठे साहेबसुद्धा लावायचे. कोणी बघत नाही असं बघून.

तर पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या बाबांचं, म्हणजे तिच्या भावाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून आत्याने चार दिवस रजा घेतली. सोमवारी हॉलचं कुलूप काढते आहे तोच टपालवाल्या ताई समोर.

"बाई, माझं पान कुठाय?"

"कुठलं पान?"

"गुरुवारी सोडलंय! चारदा सोडलंय!"

आत्याने प्रिंटरची बटणं दाबली, त्याने स्वतःचं चाचणीचं पान कुरकुर न करता काढून दिलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या नकाशेवाल्याचं पानही आलं. ताईंचं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट. ताईंचं आलं, नकाशेवाल्याचं नाही. बुधवारी दोघांचंही आलं आणि परवाने विभाग अख्खा कोरडा. पान येईना म्हणून माणसं पुन्हा पुन्हा सोडत, आणि मग अचानक वाट मोकळी झाली की एकाच पत्राच्या एकोणीस प्रती बाहेर.

आता ऑफिस म्हटलं की माणसं वायरीचा दोष आधी माणसातच शोधणार. दुसरा आठवडा लागेपर्यंत कुजबुज सुरू झाली. "बाईंची मर्जी असेल त्याचंच पान येतं." "काल मी त्यांना नमस्कार केला नव्हता, बघा." नकाशेवाल्याने तर खरोखर सकाळी सकाळी येऊन, "बाई, आज साडी छान आहे हं," म्हणून बघितलं. त्याचं पान आलं नाहीच, पण मागे उभ्या असलेल्या परवान्याच्या माणसाचं आलं. त्यावरून त्या दोघांची जुंपली.

आत्या हसली नाही. बारा वर्षं जिथे माणसं गप्पा मारत उभी राहायची, तिथे आता ती आली की गप्प होत होती.

प्रिंटर कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याचं नावच ऑफिसने 'झालंच' ठेवलं होतं. बॅग उघडायच्या आधीच तो म्हणायचा, "झालंच मॅडम, दोन मिनिटं." कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढायचा, परत घालायचा, एक पान छापून दाखवायचा, "झालंच!" आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा बंद. दुसऱ्या खेपेला जाताना तो मोठ्या साहेबांच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "सर, म्हातारा झाला हा. नवीन यंत्र ठेवतो, आमचाच माणूस बसवतो. तुम्हाला कटकट नको."

साहेबांनी आत्याला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण खिडकीबाहेरची माणसं रोज ओरडत होती आणि ते ओरडणं थेट त्याच्या खोलीत ऐकू यायचं.

"बाई, शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर सोमवारपासून छपाई कंपनीकडे."

"आणि मी, साहेब?"

साहेबांनी समोरचा पेपरवेट उगाच फिरवला. "नदीपलीकडच्या गोडाऊनला रेकॉर्ड सांभाळायला माणूस नाहीच आहे आपल्याकडे."

गोडाऊन म्हणजे पत्र्याची लांब शेड, जुन्या फायली, उंदीर आणि दुपारी येणारा एक पहारेकरी. आत्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ती त्या हॉलमध्ये टायपिस्ट होऊन आली होती आणि तिला तिथूनच घरी जायचं होतं. शेवटची दोन वर्षं कोणाशीही न बोलता उंदरांबरोबर काढायची, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मला अभ्यासाचं विचारलं नाही, त्यावरूनच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

गुरुवारी सकाळी आत्या कामाला लागली, तिच्या पद्धतीने. तिची पद्धत म्हणजे यंत्राला हात शेवटी लावायचा, आधी गल्ली चालायची. कॉम्प्युटरमध्ये एक काळी खिडकी उघडते. तिच्यात नंबर लिहिला की त्या घरी हाक जाते, आणि घरात कोणी असेल तर 'ओ' म्हणून एक ओळ परत येते. आत्याने टपालवाल्या ताईंच्या कॉम्प्युटरवरून पन्नासला हाक मारली. 'ओ' आली. म्हणजे घर जागेवर, गल्ली मोकळी, तरी पान येत नाही.

ती उठून हॉलमध्ये गेली, प्रिंटरच्या पाठीतली वायर खसकन उपटली आणि परत येऊन त्याच नंबरला पुन्हा हाक मारली.

'ओ' आली.

टपालवाल्या ताई म्हणाल्या, "आलं की उत्तर!"

"तेच तर," आत्या म्हणाली. "घराला मी आत्ता कुलूप लावून आले. मग आतून ओ देतंय कोण?"

ताईंनी खुर्ची मागे सरकवली. "असलं काही माझ्या टेबलावर नका हो करू."

आत्याच्या अंगात मात्र तरतरी आली होती. तिने नकाशेवाल्याला स्टुलावर चढवून कपाटावरच्या डब्यापाशी उभं केलं. तो एकेक वायर काढणार, ताई पडद्याकडे बघून ओरडणार, काही झालं नाही की वायर परत जागेवर. "ओ येतेय!" "ओ येतेय!" "माझ्या खोलीतून शिव्या येतायत!" "त्या येऊ देत, ओ बघा!" अशा अकरा वायरी झाल्या. बारावी काढली आणि ताई किंचाळल्या, "गेली! ओ गेली!"

आत्याने त्या बाराव्या वायरीवर बोट ठेवलं आणि चालायला लागली. कपाटामागून, दारावरून, व्हरांड्याच्या भिंतीने, पाण्याच्या टाकीशेजारून. बोट जाऊन थांबलं ते मुख्य दारापाशी, भिंतीवरच्या नव्या कोऱ्या काळ्या डबीवर. हजेरीचं यंत्र. बोट टेकवा आणि आत या. आत्या रजेवर होती त्या चार दिवसांत ते बसवलं होतं. ती आल्यापासून रोज दोनदा त्यावर बोट टेकवत होती आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

तिने ते बसवून गेलेल्या फिटरला फोन लावला. फिटर म्हणाला, "नंबर? मला तुमच्या हेडक्लार्कनी दिला. पट्टीवर लिहिलेला होता, पिवळ्या."

हेडक्लार्कना ऑफिस 'सावकाश' म्हणायचं, कारण ते प्रत्येक गोष्टीला तेच म्हणायचे. आग लागली तरी आधी खुर्ची आत सरकवून मग उठतील असा माणूस. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपली एक चूक नाही, हे त्यांनी प्रत्येक नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

आत्याने विचारल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, "हो, मीच दाखवला. तो म्हणाला, नंबर कुठला टाकू? म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांना हाच टाकतात." त्यांनी आपल्या पडद्याखालची पट्टी दाखवली. "नवीन यंत्र आलं की तुम्ही हाच टाकता ना? बारा वर्षं बघतोय मी."

आत्या त्या पट्टीकडे बघत राहिली. सुरेख, ठसठशीत अक्षर. नंबर पूर्ण. तो कशाचा, ते मात्र कुठेही लिहिलेलं नाही. एका नंबरावर दोन घरं झाली होती आणि पोस्टमन कधी इथे पत्र टाकत होता, कधी तिथे. पंधरा दिवस निम्म्या ऑफिसची पत्रं त्या काळ्या डबीकडे जात होती आणि ती बापडी बोट कधी टेकवताय याची वाट बघत बसली होती.

उपटलेल्या दोन्ही वायरी परत जागेवर लावून, फिटरला फोनवर धरून तिने हजेरीच्या यंत्राचा नंबर बदलला. दुपारी तीनपासून सगळ्यांची पानं यायला लागली.

प्रिंटर सुटला, पण आत्या सुटली नव्हती. साहेब विचारणार, झालं काय होतं? संध्याकाळी कांदे चिरता चिरता ती म्हणाली, "मी सांगणार, पट्टी माझी, अक्षर माझं, चूक माझी. त्यांचं नाव नाही घेणार."

"आणि साहेबांनी गोडाऊनला पाठवलं तर?"

"त्याआधी सावकाश स्वतःहून सांगतील."

"ते? एकतीस वर्षं एक चूक नाहीवाले? आत्या, ते मरतील पण सांगणार नाहीत! लाव पैज."

"लावली," आत्या म्हणाली. "मी हरले तर तू म्हणशील ते. तू हरलीस तर तू घरी बसून त्यांची जी नक्कल करतेस ना, ती त्यांच्यासमोर उभं राहून करायची."

मी खुशाल हात पुढे केला.

शुक्रवारी सकाळी आत्या साहेबांच्या खोलीत उभी राहिली आणि ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. पट्टी, अक्षर, चूक. फिटरला नंबर कोणी दाखवला, ते गिळलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे पंधरा दिवस ऑफिस ठप्प झालं ते तुमच्यामुळे."

"हो."

"मग बाई, मी तुम्हाला इथे कशासाठी ठेवू, ते तुम्हीच सांगा."

दारात फाइल घेऊन सावकाश उभे होते. त्यांनी ऐकलं, फाइल काखेत धरली आणि वळून निघून गेले. आत्या मला नंतर म्हणाली, त्यांची पाठ बघून तिला पत्र्याची शेड दिसायला लागली होती.

पाच मिनिटं गेली असतील. साहेबांनी कंपनीला फोन लावायला डायरी उघडली होती. तेवढ्यात सावकाश परत आले. हातात त्यांच्या पडद्याखालची पट्टी, कडेकडेने जपून, एक कोपरा न फाडता सोडवलेली. त्यालाच तेवढा वेळ लागला होता. ती त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, नंबर बाईंचा. फिटरला दाखवला मी."

"तुम्ही?"

"मी. एकतीस वर्षांत पहिली. कुठे लिहायची असेल तर माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी पट्टी उचलली, उलटसुलट केली. मग हळूच वाकून स्वतःच्या पडद्याखाली बघितलं. तिथेही तीच.

"हा प्रिंटरचा नंबर आहे?" ते म्हणाले. "मला वाटलं कॉम्प्युटरचा आहे."

त्यांनी टपालवाल्या ताईंना हाक मारली. "ताई, तुमच्या पडद्याखाली नंबर आहे तो कशाचा?"

"तो होय? बाईंचा फोन नंबर असेल," ताई म्हणाल्या. "मी दोनदा लावूनही बघितला. लागतच नाही."

नकाशेवाल्याला बोलावलं. त्याला वाटत होतं, पडदा चोरीला गेला तर ओळखायला लिहिलाय. साहेबांनी डायरी मिटली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "बाई, गोडाऊन राहू दे. आधी त्या पट्ट्यांवर 'प्रिंटर' असं लिहा."

आत्याने ती सगळी दुपार तेवीस टेबलं फिरून तेवीसदा 'प्रिंटर' लिहिण्यात घालवली. प्रत्येक टेबलावर कोणी ना कोणी तिला बसवून घेतलं. पुढची दोन वर्षं ती त्याच हॉलमध्ये होती आणि तिथूनच निवृत्त झाली. त्यानंतर ऑफिस नव्या इमारतीत गेलं. तिथे प्रत्येक टेबलावर एकेक छोटा प्रिंटर आहे. पान हव्या त्या माणसाच्या हाताशी येतं, कोणाला उठावं लागत नाही. आत्या एकदा सगळ्यांना भेटायला म्हणून गेली आणि लवकर परत आली. म्हणाली, "सगळे आपापल्या जागी बसलेत गं. कोणी उभंच नाही."

पैज मात्र मी हरलेच. त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी अर्धा दिवस, ऑफिस सुटल्यावर आत्याने मला हॉलमध्ये नेलं. सावकाश खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. आत्याने त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मी बारा वर्षांची, पण पैजेला हात पुढे केला होता ना! मी चष्मा पुसला, काल्पनिक फाइल काखेत धरली आणि केली सगळी नक्कल, अगदी 'एकतीस वर्षांत एक चूक नाही'सकट. आत्याने पदर तोंडाला लावला होता. सावकाशांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहरा तसाच, एक रेष हलली नाही. मला वाटलं, आता मेले.

मग ते उठले, हॉलचं दार आतून लावून घेतलं आणि परत येऊन खुर्चीत नीट बसून म्हणाले, "आता साहेबांची कर."